किसने ठोका?

माझ्या हृदयाची पहिली तक्रार पोलिसांच्या वहीत नोंदली गेली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या बाल्कनीत दुपारचं ऊन असं काही मऊ पडतं, की आपण जागे आहोत की झोपेत, हे आपल्यालाच कळत नाही. आमची लेक प्रज्ञा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून मी त्या उन्हात बसून असायचो. समोरून मेट्रो तरंगत जायची, मीही तिच्यामागे थोडा तरंगायचो, आणि मध्येच काळीज एक ठोका गाळायचं! मग दोन ठोके घाईघाईने. (ऑफिसात उशिरा येणाऱ्यासारखे.) तेवढ्यात मी माझ्या शोकसभेतली दोन भाषणं ऐकून घ्यायचो. पण भीती खरी होती. माझे वडील असेच खुर्चीत बसल्याबसल्या गेले.

शेवटी बायकोला, नंदाला, सांगितलं.

"अहो, आणि हे आत्ता सांगताय? उठा आधी!"

इस्पितळात नंदा पाण्याची बाटली आणायला वळली आणि मी नोंदणीच्या खिडकीशी एकटा उरलो. आतल्या बाईंनी विचारलं, "क्या तकलीफ है?"

दिल्लीत तीस वर्षं झाली, पण घाबरलो की माझी हिंदी वर्ध्याला परत जाते. म्हणालो, "मेरा ठोका चुकता है जी."

"किसने ठोका?"

"किसीने नहीं! मेरे कालजे का ठोका!"

"कालकाजी में ठोका? अरे भैया, एक्सिडेंट केस है!" (कालकाजी ही दिल्लीतली एक वस्ती.)

पाच मिनिटांत मी चाकाच्या खुर्चीत, मानेला पट्टा आणि समोर वही उघडून हवालदार!

"गाड़ी का नंबर देखा?"

"गाड़ी नहीं जी. दिन में दस-बारह बार चुकता है."

"दस-बारह बार ठोका?" त्याचं पेन थांबलं. "और आप भागे नहीं?"

नंदा परत आली. "अगं बाई! बाटली आणेपर्यंत मानेला काय करून घेतलंत?"

तिने सगळं निस्तरलं, ईसीजी निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "दिल ठीक है अंकल. कभी-कभी एक धड़कन जल्दी आ जाती है. टेंशन में, उदासी में होता है. घर में कुछ हुआ है?"

"कुछ नहीं."

"खोटं!" नंदा म्हणाली. "बेटी गई तबसे रोज उसके खाली कमरे में पंखा चालू करके आते हैं. इस थंडी में!"

आणि मी चक्क रडलो. पट्टा काढायचा राहिला होता, त्यामुळे मान खाली घालून रडायचीही सोय नव्हती. बाईंनी शांतपणे समुपदेशकाची चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर हवालदार थांबलेलाच. "अंकलजी, ठोकनेवाला मिला?"

"मिली," नंदा म्हणाली. "इनकी बेटी."

"कौन सी गाड़ी थी?"

"हवाई जहाज."

त्याने तेही लिहून घेतलं! मग आवाज खाली आणून म्हणाला, "घर का मामला है. समझौता कर लो."

मी पट्टा सावरत म्हणालो, "रोज एक फोन करे, तो मंजूर है."

आता प्रज्ञा रोज फोन करते. ठोका अजूनही कधीमधी चुकतो, पण मी तो हिंदीत कुणाला सांगत नाही!