दत्तकवाल्यांचा रविवार

मूल दत्तक घ्यायचं ठरवलंत की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते घरपोच येतात, चहा पितात, आणि जाताना "काही लागलं तर सांगा" म्हणून जातात!

आमचा चार घरांचा ग्रुप आहे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि तर्री-पोहे खातो. मी शाळेत गणित शिकवते, माझा नवरा प्रशांत एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि आमचा ईशान आता सात वर्षांचा आहे. बाकीच्यांची ओळख ओघात करून देते. लोक विचारतात, "तुमच्या ग्रुपमध्ये काय चालतं, काउन्सेलिंग वगैरे?" नाही हो! लोक आम्हाला काय काय बोलले ते एकमेकांना सांगतो आणि हसतो. एवढंच.

सुरुवात आमच्याच घरापासून करते.

ईशान येण्याआधी होम स्टडी झाली. म्हणजे संस्थेची सोशल वर्कर घरी येते आणि या घरात मूल द्यावं की नाही ते बघते. आम्ही चार दिवस घर घासलं. प्रशांतनं बालसंगोपनावरची पाच जाडजूड पुस्तकं आणून शोकेसमध्ये मांडली. सासूबाईंना मी तीनतीनदा सांगितलं, "आई, फक्त चांगलं बोला."

सोशल वर्कर म्हणजे पंचविशीतली मुलगी. तिनं आमच्याशी तासभर बोलून सासूबाईंकडे मोर्चा वळवला. "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"लेकरू आलं त चांगलंच हाय ना बाई! पन या दोघायले द्याच्या आधी तुमी नीट इचार करा."

मी घाईघाईनं चहाचा ट्रे दोघींच्या मधे ठेवला.

"काहून आजी?"

"हा माहा पोरगा ओला टॉवेल सोफ्यावर टाकते. चाळीशीचा झाला, मी सांगू सांगू थकली. आन् हे सूनबाई, गनित शिकवते, पन रोज दूध उतू जाते. आन् ते पुस्तकं दिसून राहिले ना? ते कालच आनले!"

प्रशांत पंख्याकडे बघायला लागला. सोशल वर्कर लिहीतच होती, पान उलटून लिहीत होती. ती गेल्यावर प्रशांतनं पाचही पुस्तकं शोकेसमधून काढून पलंगाखाली ढकलली. सासूबाई मात्र निवांत. "खोटं काय बोलली मी?"

काही दिवसांनी तिचा फोन आला. रिपोर्ट चांगला गेला होता! मला राहवेना. "आणि सासूबाई बोलल्या, ते?"

"तेच तर लिहिलं मॅडम. या घरात बाळाच्या बाजूनं भांडणारं एक माणूस आधीच हजर आहे."

*

ईशान घरी आला तेव्हा चौदा महिन्यांचा होता. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. परत आल्या आणि बघतात तर माझ्या कडेवर बाळ!

"अगं बाई! कधी झालं? मले कोनी सांगितलं नाही!" त्यांनी त्याला उचललं, खिडकीजवळ नेलं आणि उजेडात निरखलं. "नाक पाहा ना, डिट्टो प्रशांत! आपली नजर चुकत नाही. एकदा चेहरा पाहिला की खानदान सांगते मी."

मी म्हटलं, "काकू, आम्ही त्याला दत्तक घेतलंय."

काकू एक सेकंदही गडबडल्या नाहीत. ईशानला पुन्हा उजेडाकडे फिरवलं.

"तरीच! मी तेच म्हनून राहिली, नाक काहून जमून नाही राहिलं!"

*

मुलाला लहानपणापासूनच खरं सांगा, असं संस्थेत आम्हाला शिकवलं होतं. म्हणून मी ईशानला त्याची गोष्ट सांगायचे. आई-बाबा वाट बघत होते, मग एक फोन आला, मग आम्ही कार काढली, तुला भेटलो आणि कारमध्ये बसवून घरी आणलं. त्याला त्यातला कारचा भाग फार आवडायचा. कोणत्या रंगाची होती, हॉर्न वाजवला का, काच खाली होती का, सगळं पुन्हा पुन्हा विचारायचा.

नर्सरीत "माझं कुटुंब" म्हणून एक दिवस होता. मुलांनी घरचा फोटो घेऊन जायचा आणि दोन वाक्यं बोलायची. दुसऱ्या दिवशी मला तीन आयांचे फोन आले. मी घाबरले. वाटलं, पोरांनी त्याला चिडवलं असणार आणि आता या सांत्वन करणार.

पहिली आई म्हणाली, "तुमच्या मुलानं वर्गात काय सांगितलं माहीत आहे का? 'तुम्ही सगळे दवाखान्यातून आले. मी कारमधून आलो.'"

"मग?"

"मग काय! आमचा अर्णव कालपासून रडून राहिला, 'मले काहून दवाखान्यातून आणलं?'"

*

संगीताचं सीताबर्डीत ब्लाउज-ड्रेस शिवायचं छोटंसं दुकान आहे. एकटी राहते. लग्न केलं नाही, पण मूल हवं होतं, म्हणून अर्ज केला. तिच्या मावशीला ते काही पटेना.

"अवं, आधी लगन कर. मंग लेकरू."

संगीतानं मशीन थांबवली आणि बोटांवर मोजायला लागली. "मावशी, या लेकरासाठी त्यायनं माही तब्येत तपासली. पोलिसाचा दाखला आणाले लावला. शेजाऱ्यायले इचारलं, हे बाई कशी हाय म्हणून. घरी येऊन संडासाची कडी पाह्यली! लगनासाठी तुमी जो पोरगा आणला होता, त्याचं काय पाह्यलं होतं?"

मावशी विचारात पडली. "उंची."

संगीताची अन्वी मग आली. ती चार वर्षांची झाली तेव्हा शाळेत प्रवेश घ्यायचा होता. फॉर्मवर वडिलांच्या नावाचा प्रश्न संगीतानं कसाबसा निस्तरला. खाली आणखी एक रकाना होता: डिलिव्हरी नॉर्मल की सिझेरियन? चार वर्षांच्या पोरीला क-ख-ग शिकवायला हे कशाला लागतं, देव जाणे! दत्तकाच्या नोंदणीपासून सगळं वेबसाइटवरून झालेलं, तर संगीतानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, "ऑनलाइन."

खिडकीतल्या क्लार्कनं चष्मा वर केला. "मॅडम, असा ऑप्शन नाही."

"पण झालं ते असंच."

त्यानं मागे बघितलं. रांग दारापर्यंत गेली होती. मग त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच म्हणाला, "नॉर्मल लिहून टाका ना ताई. तुमाले कुठी टाके पडले?"

*

ढोबळे काका-काकू सक्करदऱ्याला तलावाजवळच्या एका सोसायटीत राहतात. काका रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचं दत्तक नाही, फॉस्टर केअर. म्हणजे मुलाच्या घरची अडचण असेल तोवर आपल्या घरी सांभाळायचं, आणि अडचण सरली की त्याला त्याच्या घरी जाऊ द्यायचं. त्यांच्याकडे सोनल आली, अकरा वर्षांची. तिच्या आईवर दीर्घ उपचार चालू होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

सोसायटीची मोठी पंचाईत झाली! सेक्रेटरी रजिस्टर घेऊन दारात हजर. "काका, नियमात तीनच रकाने आहेत. मालक, भाडेकरू, पाहुणा. हिला कशात टाकू?"

काका काही बोलायच्या आत सोनलनं विचारलं, "पाहुणा किती दिवस राहते?"

"पंधरा दिवस. त्यापुढं पाहुणा नाही धरत."

सोनलनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून मोजलं. "मग मी परवापासून पाहुणी नाही. आता तुमी पाहा कशात टाकता ते."

सेक्रेटरी अजून बघून राहिला म्हणे!

शेजारच्या निमाताईंना वेगळीच काळजी. रोज यायच्या. "काकू, परतच द्यायचं आहे ना? मग इतका जीव काहून लावता?"

काका पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "निमा, तुझा पोरगा पुण्याला गेला ना नोकरीला? परत येणार आहे का?"

"नाही, तिकडंच फ्लॅट घेतला त्यानं."

"मग तू काहून लावला?"

निमाताई आठ दिवस आल्या नाहीत.

दीड वर्षानं सोनलची आई बरी होऊन तिला न्यायला आली. काकूंनी आदल्या दिवसापासून डबे भरले. स्वेटर, वह्या, शेव, लोणचं. निघताना सोनल, तिची आई आणि काकू, तिघीही रडल्या. ऑटो वळणावरून दिसेनासा झाला आणि निमाताई हजर! "सांगितलं होतं ना मी? आता पाहा, रडावं लागून राहिलं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "अवं, रडू आलं म्हणजे काम बरोबर झालं. कोरड्या डोळ्यानं गेली असती पोरगी, तर मले झोप लागली नसती."

*

शेवटचं घर सावनेरचं. राजू तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला आहे. बायको वर्षा, आणि राजूचे वडील. त्यांना आम्ही सगळेच आबाजी म्हणतो. शेतात कपाशी-तूर लावतात, कमी बोलतात.

त्यांच्याकडे गौरी आली तेव्हा सात वर्षांची होती. याआधी एका घरानं तिला नेलं होतं, आणि "जमून नाही राहिलं" म्हणून चार महिन्यांनी परत आणून सोडलं होतं.

गौरी आली तशी पंचक्रोशी बघायला आली. बायकांनी तिचे केस बघितले, दात बघितले. एका पाहुण्यानं मग आबाजींना बाजूला घेतलं. "बाकी ठीक हाय गा. पन जात कोनती?"

"मले काय मालूम? मी तिले इचारली नाही, तिनं मले इचारली नाही." आबाजींनी पायात चप्पल घातली. "तुले इचारू का आता?"

पण गौरी काही रुळत नव्हती. तिची एक थैली होती. दोन फ्रॉक, कंगवा, संस्थेत वाढदिवसाला मिळालेली कागदाची टोपी. ती थैली तिनं पहिल्या दिवशी दाराशी ठेवली, ती तिथंच. आंघोळ झाली की थैलीतून फ्रॉक काढायची, धुतलेला वाळला की घडी करून परत थैलीत. वर्षानं कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच राहिला. नवे कपडे आणले, तेही थैलीतच गेले. थैली फुगत गेली. वर्षा एका रविवारी आमच्याकडे आली तेव्हा तिनं पोह्यांना हात लावला नाही. "ताई, मी काही चुकून राहिली का?" ढोबळे काकूंनी तिची पोह्यांची बशी झाकून ठेवली आणि तिला जवळ बसवलं.

एका दुपारी आबाजींनी खुंटीवरची आपली कापडी थैली काढली. त्यात दोन धोतरं, एक बंडी, चष्म्याचं घर आणि पानाची डबी भरली आणि गौरीच्या थैलीला टेकून ठेवली.

गौरी शाळेतून आली आणि दारातच थांबली.

"आबाजी, हे कोनाची थैली?"

"माही."

"कुठी चालले तुमी?"

"मले काय मालूम? तू जाशीन तिकडं."

"मी त कुठीच नाही चालली."

"मंग थैली काहून भरून ठेवली वं?"

"अशीच."

"मीबी अशीच ठेवली."

मग दोन्ही थैल्या दाराशी राहिल्या. सकाळी आंघोळ झाली की गौरी तिच्या थैलीतून फ्रॉक काढायची आणि आबाजी त्यांच्या थैलीतून धोतर. राजूला वाटलं, बापाचं डोकं फिरलं. वर्षा दोन्ही थैल्या उचलून झाडायची आणि परत तशाच ठेवायची.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी वर्षा झाडायला गेली, तर दाराशी एकच थैली, आबाजींची. धावत आत गेली. कपाटाच्या त्या कप्प्यात फ्रॉक ठेवलेले होते, वेड्यावाकड्या घड्यांचे, आणि सगळ्यात वर कागदाची टोपी.

आबाजी शेतावर निघत होते. गौरी त्यांची थैली दोन्ही हातांनी उचलून अंगणात आली आणि त्यांच्या हातात दिली.

"आबाजी, तुमाले जायचं असन त जाऊन या. मी हाय इथंच."