क्वीन्सटाउनमधला हिवाळा

लोणचं मुरायला ऊब लागते म्हणतात. किस्से मात्र गारठ्यातच टिकत असावेत. नाहीतर आमच्या त्या थंडगार खोलीतले किस्से अजून इतके ताजे कसे राहिले असते?

सिंगापूरमध्ये कुणा मराठी माणसाकडे जेवायला गेलं की सगळे बँकेतले, नाहीतर अकाउंट्समधले. माझा नवरा सुहाससुद्धा बँकेतलाच. मग कुणीतरी मला विचारतं, "आणि मंजिरी, तू काय करायचीस गं?"

"सॅमन माशांची पिल्लं वाढवायचे."

"नॉर्वेत?"

"नाही, इथेच, क्वीन्सटाउनला!"

वाढणारीचा हात तिथेच थांबतो, आणि मला सुरुवात करावीच लागते.

सॅमन हा थंड मुलखातला मासा. जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात, जरा मोठा झाला की समुद्रात जातो. सॅमनची शेती करणारेही आधी गोड्या पाण्याच्या हॅचरीत पिल्लं वाढवतात, मग ती समुद्रातल्या जाळ्यांत सोडतात. पूर्वी या हॅचऱ्या नदीकाठी असायच्या. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत वारं बदललं. नद्यांचं पाणी पुरेना, म्हणून तेच पाणी गाळून, गार करून पुन्हा पुन्हा फिरवायचं, त्यात पिल्लं जास्त काढायची आणि मोठीही करायची, असं सगळीकडे सुरू झालं. असं पाणी फिरवणारी यंत्रणा बनवायची उडी आमच्या मिस्टर कोहनी घेतली. कुठे? विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, एका फॅक्टरी बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर!

*

मिस्टर कोह मूळचे कोल्डरूमवाले. सुपरमार्केटांसाठी फ्रीझर बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माशांचं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत माशांवरच पोस्टडॉक करत होते आणि ते संपत आलं होतं, म्हणून इंटरव्ह्यूला गेले.

मी विचारलं, "सर, सॅमनचाच प्रयोग का? इथलाच एखादा मासा का नाही?"

ते इथल्या सवयीप्रमाणे शेवटी 'लाह' जोडत म्हणाले, "इथला मासा इथे वाढवला तर कोण विचारणार? सॅमनचं पिल्लू सिंगापूरमध्ये वाढवून दाखवलं, तर माझं यंत्र जगात कुठेही चालेल. आईस्क्रीम असो की मासा, बारा डिग्री म्हणजे बारा डिग्री, लाह!"

"पण आईस्क्रीम मरत नाही, सर."

त्यांनी माझा अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. मग म्हणाले, "सोमवारपासून या."

माझं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. मंजिरीचं झालं 'मॅन जेरी', आणि आठवडाभरात नुसतं 'जेरी'. नॉर्वेतून आमची यंत्रणा तपासायला सल्लागार एरिक पहिल्यांदा आले, तेव्हा विमानतळावर मी त्यांच्या नावाची पाटी धरून उभी होते. ते पाटीसमोर थांबले, कुर्ता घातलेल्या बाईकडे बघितलं आणि अदबीने म्हणाले, "मिस्टर जेरी गाडीत आहेत का?"

*

सॅमनची अंडी येतात बर्फात. केशरी, मोत्याएवढी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते पिल्लाचे डोळे! थर्माकोलचा तो खोका सोडवून आणायला मी आणि मेइ लिंग विमानतळावर गेलो. मेइ लिंग म्हणजे आमची टेक्निशियन, हौगांगला राहणारी, एकदम चटपटीत मुलगी.

काउंटरवरच्या माणसाने कागद बघितले, खोका बघितला. "फूड?"

"नो, लाइव्ह," मी म्हटलं.

"बर्फात ठेवलंय म्हणजे फूड."

"बर्फात आहेत म्हणूनच लाइव्ह आहेत!"

त्याला ते काही केल्या पटेना. शेवटी मेइ लिंगने झाकण किंचित उचललं आणि म्हणाली, "अंकल, नीट बघा. तुम्ही त्यांच्याकडे बघताय तसे तेही तुमच्याकडे बघतायत."

तो वाकला. चांगला निरखून बघत राहिला. मग झटकन झाकण लावलं, शिक्का मारला आणि मला दटावलं, "मग इथे काय उभ्या राहिलात? गाडीत एसी आहे ना?"

*

अंड्यांतून पिल्लं निघाली. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते तोवर काळजी नाही. डब्यातलं जेवण! ती संपली की त्यांना पहिल्यांदा तोंडाने खायला शिकवायचं. हे आठवडे फार नाजूक. पिठासारखं खाद्य चिमटीने सारखं, दिवसभर भुरभुरावं लागतं. ज्या पिल्लाला खायला जमलं नाही, ते हातचं गेलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मेइ लिंगचं लग्न!

"तू जा गं बाई," मी म्हटलं. "मी बघते."

"तुला नाही जमणार, जेरी. तू एकदम जास्त टाकतेस."

हे खरं होतं. मराठी हात! आग्रहाने वाढायची सवय.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती कामावर आली ती नवऱ्या मुलाला घेऊनच. तो इन्शुरन्स कंपनीत होता. टाय लावून, वर आमचं जाडजूड जाकीट घालून बिचारा टाकीपाशी उभा राहिला. तिने त्याला चिमूट कशी धरायची ते शिकवलं, आणि दिवसभर दोघांनी मिळून खाद्य घातलं. मिस्टर कोह येऊन बघून गेले आणि मला म्हणाले, "चांगला मुलगा आहे. माझ्या मुलीच्या नवऱ्याला मी असं काही सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं."

दुसऱ्या दिवशी पिल्लांना भरवून मी लग्नाच्या जेवणाला पोचले, तेव्हा मेइ लिंग लाल ड्रेस घालून टेबलाटेबलावर पाहुण्यांना भेटत होती. आमच्या टेबलाशी आली. मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने कानाशी येऊन विचारलं, "खाल्लं?"

मी म्हटलं, "अगं, अजून सूपच आलंय."

"तू नाही गं. ते!"

*

एरिक पहिल्या भेटीत फारसे खूश नव्हते. साठीला आलेला, उंच, शांत माणूस. नॉर्वेतली एक मोठी कंपनी आमची यंत्रणा घ्यायच्या विचारात होती, आणि हो की नाही ते एरिकच्या शब्दावर होतं. ते नाही म्हणाले असते तर आमच्या तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं असतं.

टाक्या बघून झाल्यावर ते म्हणाले, "पिल्लं छान आहेत. पण ही नदीतली पिल्लं झाली. अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे पट्टे आहेत ना, ते जाऊन ती चांदीसारखी व्हायला हवीत. म्हणजे समुद्रासाठी तयार झाली. त्याला आधी हिवाळा लागतो. लहान, काळोखे दिवस. मग उजेडाचे मोठे दिवस. तुमच्याकडे हिवाळा कुठे आहे?"

मिस्टर कोह उठले आणि भिंतीवरच्या बटणावर हात ठेवून म्हणाले, "इथे."

एरिकना हसू आलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या वडिलांची नदीकाठी लहानशी हॅचरी होती. ते वसंत ऋतूची वाट बघत बसायचे. वर्षातून एकदाच पिल्लं तयार व्हायची. लहान हॅचऱ्या बंद पडत गेल्या, त्यांचीही बंद पडली. त्यांना मी सांगू की सिंगापूरमध्ये बटणावर हिवाळा आहे?"

"सांगा," मिस्टर कोह म्हणाले, "आणि त्याला वॉरंटीही आहे."

*

मग आम्ही हिवाळा आणला. खिडक्यांना काळे पडदे, दारात दुहेरी पडदा, आणि दिवे दिवसातून थोडाच वेळ. बाहेर उन्हाने डांबर मऊ पडायचं आणि आत आम्ही कानटोप्या घालून!

पासिर रिसला आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये माझ्या हातात रोज जाकीट. शेजारच्या आँटींनी एकदा न राहवून विचारलं, "युरोपला चाललीस?"

"नाही, क्वीन्सटाउनला."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला!

सई माझी तेव्हा सहा वर्षांची. शाळेत टीचरनी सांगितलं, सिंगापूरमध्ये हिवाळा नसतो. बाईसाहेब उभ्या राहिल्या. "हॅव, लाह! माय मदर मेक."

टीचरनी मला फोन केला. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या मुलांना सहलीला आणता येईल का?"

मुलं आली. दारातल्या काळ्या पडद्यांमधून पाच-पाच जण आत जायचे, एकमेकांच्या तोंडातली वाफ बघून किंचाळायचे. मासे त्यांनी बघितलेच नाहीत!

*

एका दुपारी पाणी गार करणाऱ्या चिलरचा मोठा पंप बंद पडला. जोडीचा होता, तो दुरुस्तीला उघडलेला. पाण्याचं तापमान चढायला लागलं. हिवाळा अर्ध्यात आला होता. पिल्लं भराभर श्वास घ्यायला लागली, मग पृष्ठभागापाशी यायला लागली. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

मिस्टर कोह बाह्या सरसावून पंपाखाली शिरले. तिथूनच ओरडले, "बर्फ! बर्फ आणा!"

बर्फ थेट पाण्यात टाकायचा नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना मारतं. पिशव्यांत घट्ट बांधून तरंगवायचा. मी आणि मेइ लिंग जवळच्या मार्केटकडे धावत सुटलो. मासळीवाल्यांचा दिवसभराचा धंदा आटपत आला होता. मेइ लिंगने हॉकियन या चिनी बोलीत काय सांगितलं देव जाणे, पण एका म्हाताऱ्या मासळीवाल्याने आपल्या माशांखालचा बर्फ उपसायला सुरुवात केली. त्याच्या शेजारच्याने केली. मग पलीकडच्या बाईने. ट्रॉल्या भरून रबरी बूट घातलेली ती वरात रस्ता ओलांडून आमच्या लिफ्टपाशी आली.

ते सगळे आम्हाला पिशव्या बांधू लागले, टाक्यांत सोडू लागले. हळूहळू पिल्लं खाली गेली, शांत झाली. पंपाखालून मिस्टर कोह बाहेर आले, तोंडभर ग्रीस. पंप सुरू झाला होता.

मी त्या म्हाताऱ्या अंकलचे हात धरून आभार मानले. ते टाकीत बघत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं बर्फ वापरतोय. मासा जिवंत राहावा म्हणून पहिल्यांदाच वापरला!"

*

हिवाळा संपवला. सगळे दिवे लावले. आणि आम्ही वाट बघायला लागलो.

पहिले काही आठवडे काहीच होईना. मेइ लिंग रोज सकाळी जाळीत एक पिल्लू उचलायची, बघायची, मान हलवून सोडून द्यायची. मिस्टर कोह विचारायचे नाहीत, नुसते दारात येऊन उभे राहायचे. मग एके दिवशी तिने पिल्लू उचललं आणि तिच्या हातात काहीतरी लखलखलं. पट्टे फिकट, खवले रुपेरी. आठवड्याभरात सगळी टाकी चमच्यांनी भरल्यासारखी दिसायला लागली!

एरिकना बोलावलं. ते आले, विमानतळावरून थेट. बॅग हातात तशीच. टाकीपाशी वाकून उभे राहिले. पाणी गोल फिरत होतं. इतके महिने पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून पोहायची, नदीत आपली जागा धरून राहतात तशी. त्या दिवशी सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. प्रवाहाबरोबर चालली होती. मधूनच एखादं पाण्याबाहेर उडी मारायचं.

"वळले," एरिक इतकंच म्हणाले. "समुद्र हवाय त्यांना."

मिस्टर कोहनी हळूच विचारलं, "म्हणजे यस?"

एरिकनी मान डोलवली. "यस. आणि मोठ्या कंपनीचं झालं की मला एक लहान यंत्रणा हवी. आमच्या नदीकाठची शेड अजून उभी आहे."

मेइ लिंगने मला अशी मिठी मारली की माझी कानटोपी टाकीत पडली.

मग एरिकनी मोबाईल काढला आणि नॉर्वेला वडिलांना फोन लावला. म्हातारे नव्वदीला टेकलेले. कानाने अधू, म्हणून एरिक मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते. मग त्यांनी फोन टाकीवर धरला. पाण्याचा खळखळाट, उड्या मारणाऱ्या पिल्लांची चुबुक चुबुक. आम्ही श्वास रोखून उभे.

पलीकडून आवाज आला. एरिक आमच्याकडे वळले. "बाबा विचारतायत, कुठल्या नदीवर आहेस?"

"सांगा ना, थर्ड फ्लोअर!" मिस्टर कोह म्हणाले.

एरिकनी सांगितलं. मग म्हातारे अगदी गंभीरपणे एक वाक्य बोलले, आणि एरिक इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, 'मग दार लावून घ्या. आता ते खाली जायला निघतील.'"

आम्ही सगळे हसत सुटलो. मिस्टर कोह तेवढे हसले नाहीत. ते शांतपणे दारापाशी गेले आणि त्यांनी कडी घातली.