गेलेल्या जमिनीचा मोबदला

पनवेलच्या आसपास 'जमीन गेली' या शब्दांचा एकच अर्थ होतो: कुठल्या तरी प्रकल्पात गेली, आता मोबदला येणार. नेऱ्याची आमची नदीकाठची वालाची पट्टी पुरात गेली तेव्हा मी नातेवाइकांना फोनवर "जमीन गेली" एवढंच सांगितलं, आणि पलीकडून अभिनंदन आलं. रोडपालीच्या आत्यांनी तर नवी गाडी कोणती घेणार तेही विचारलं. नदीनं नेली, एवढंच मी सांगितलं. त्यांचा आणि नदीचा मला इतका राग आला की मी फोन ठेवूनच दिला.

पट्टी माझ्या सासूबाईंची. भातं कापून झाली की त्या तिथं वाल पेरायच्या. बी त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं, दर वर्षी थोडं बाजूला काढून राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं. आमचा काठ वळणाच्या बाहेरच्या अंगाला. पाण्याचा सगळा जोर तिकडेच, त्यामुळे दर पावसाळ्यात थोडी थोडी कड ढासळायची. सासरे होते तोवर दगड रचून, बांबू लावून नदीशी भांडले. तिनं त्यांचं काही ऐकलं नाही. मग एका वर्षी पाणी चढलं ते लवकर उतरेना, आणि उतरलं तेव्हा पट्टीच्या जागी नदी वाहत होती.

सासूबाई रडल्या नाहीत. मडकं मात्र रोज उघडून बघायच्या. बी फार दिवस ठेवलं की मरतं, आणि पेरायला दुसरी जमीन नव्हती. आम्ही त्यांना खारघरच्या घरी आणलं. मी हौसेनं बाल्कनीत एक मोठी कुंडी ठेवली. त्यांनी कुंडीकडे असं पाहिलं की मीच ती उचलून आत नेली.

दिवाळीनंतर नदीपलीकडच्या बाईंचा फोन आला. त्यांचं आणि सासूबाईंचं सख्य असं की उन्हाळ्यात नदी ओलांडून येणाऱ्या म्हशींवरून त्या जन्मभर भांडत आल्या. येऊन बघून जा, एवढंच त्या म्हणाल्या. येताना मडकं आणायला सांगितलं.

वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि आणलेलं ओझं खाली ठेवतं. तिथं, त्यांच्या शेताला लागून, काळ्या गाळाचा नवा तुकडा पडला होता. सासूबाई पातळ खोचून गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेल्या, मागून मी मडकं सांभाळत.

"तुजी माती हाय ती, बाय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "नदीनं माज्याकडं ठेवाला दिलीय. बी तुजाच टाक."

ती माती आमची की वरच्या गावांची, कोणास ठाऊक. सासूबाईंनी मूठभर उचलली, वास घेतला आणि आपलीच असल्याचा निकाल दिला. मी सहसा गप्प बसत नाही. त्या दिवशी बसले, याचं मला अजून समाधान वाटतं.

वाल आले, माघात शेंगा भरल्या. दुसऱ्या एका मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा घालून त्यांच्या शेतात पोपटी भाजायला लावली. मडकं पेटलेल्या पेंढ्यात धगधगत होतं आणि या दोघी पुन्हा म्हशींवर आल्या होत्या. ते भांडण ऐकताना मला भरून आलं. त्या बाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही, आणि खरं सांगायचं तर नदीवरचा रागही तिथंच निवळला.

नदी अजून सरकते आहे. कधी त्या तुकड्यात भर टाकते, कधी त्याची कड खरवडून नेते. ती दिलेलं परत मागेल हे दोघींनाही ठाऊक आहे, म्हणून बी आता दोन्ही काठांवर, दोन मडक्यांत असतं.

परवा एका लग्नात कुणीतरी सासूबाईंना विचारलंच, तुमची जमीन गेली ना, मग मोबदला मिळाला का? मी तोंड उघडणार तोच त्या शांतपणे म्हणाल्या,

"मिळतो की. दर माघात, टोपली भरून."