कुणीच न मोडलेली हाडं

माझी आत्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. घरी तिला कुणी निवांत बसलेलं पाहिलं असेल तर शपथ. जेवायची ती ओट्याला टेकून, वर्तमानपत्र वाचायची चालता चालता, आणि फोनवर बोलायला लागली की गॅलरीपासून मोरीपर्यंत फेऱ्या सुरू. आजोबा म्हणायचे, "हिच्या पायाला नाही, डोक्याला भिंगरी आहे." तिने लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

तिचं भांडण होतं देवाशी. आजी गेली तेव्हा आत्या शाळेत होती, पण त्याबद्दल ती कधी अवाक्षर काढायची नाही. भांडायची ती दुसऱ्यांच्या वतीने. त्याला कारण तिची दवाखान्यातली खोली.

तळमजल्यावर, जिन्याखालून गेलं की ती शेवटची खोली. जड दार, दारावर लाल दिवा. आत टेबल, टेबलावर वाकलेली यंत्राची मान, खुंटीला शिशाचे जाडजूड एप्रन. काचेमागे उभं राहून बटण दाबलं की पाच-सहा सेकंदांत हाडं पडद्यावर. म्हणजे डॉक्टरांच्या आधी, आईबापांच्या आधी, ज्याचं हाड त्याच्याही आधी आत्याला कळायचं. सांगायची मात्र तिला मुभा नव्हती. लोक तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. "ताई, ठीक आहे ना सगळं?" ती म्हणायची, "डॉक्टर सांगतील." दिवसाला साठ-सत्तर वेळा. चेहरा कोरा ठेवून ठेवून तिचे गाल दुखायचे, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नसावं.

हा सगळा कोरेपणा संध्याकाळी आजोबांवर फुटायचा.

आजोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी तासभर डोळे मिटून देवापुढे बसायचे. आत्या चपला काढता काढताच सुरुवात करायची.

"अण्णा, आज चार वर्षांचं पोर आलं. मांडीच्या हाडात गाठ. तुमचा देव चांगला आहे ना? मग त्याला दिसत नाही, की दिसून जमत नाही, की जमत असून करायचं नाही?"

"अगं, मूळ हस्तलिखित आपल्या हातात नाही," आजोबा चष्मा पुसत म्हणायचे. "नुसतं छापलेलं पान बघून लेखकाला दोष देऊ नये."

"आणि तुमचा छापखाना असल्या चुकांसकट पुस्तक बाजारात पाठवायचा का हो?"

"नाही पाठवायचा."

"मग झालं तर."

असं दहा-पंधरा वर्षं चाललं. आम्ही पोरं ते ऐकत ऐकत गृहपाठ करायचो.

एका दुपारी एक सात वर्षांची मुलगी आली. कोपराखाली हात मोडलेला, कपड्याच्या झोळीत अडकवलेला. सोबत आई, आणि दाराशी बाप. बाप वेल्डर होता. दांडगा, हातांवर ठिणग्यांचे काळे डाग, डोळे लालबुंद. "घरात पायरीवर घसरली," आई म्हणाली. बापाने नजर खाली घातली. खांदाही दुखतोय म्हणून डॉक्टरांनी छातीचाही फोटो लिहिला होता.

आत्याने मुलीला फोटोच्या पाटीसमोर उभं केलं आणि काचेमागे जाऊन काही सांगणार, तोच मुलीने छाती फुगवून श्वास धरला.

"तुला कुणी शिकवलं गं हे?"

मुलीने श्वास सोडला. "मला येतं. दुसऱ्या दवाखान्यात पण काढलेत माझे फोटो. तिसऱ्या पण."

पडद्यावर फोटो उमटला आणि आत्या पुढे वाकली. हाड जुळून आलं की तिथे बारीक गाठ राहते. अशा गाठी डाव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर होत्या, उजवीकडे दोन बरगड्यांवर, आणि गळ्याखालच्या आडव्या हाडावर एक. काही जुन्या, काही त्यामानाने ताज्या. एका पडण्यात हे होत नाही. आत्याने दाराच्या फटीतून बापाचे लाल डोळे पाहिले, आणि त्या दिवशी तिला चेहरा कोरा ठेवता आला नाही.

ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्या टेबलाभोवती माणसांचं कडं पडलं होतं. "मुलं पडतात हो, ताई," ते म्हणाले.

"तीन दवाखाने बदललेत त्यांनी. पोलिसांना तुम्ही लिहिता, की मी लिहू?"

डॉक्टरांनी फोटो पुन्हा पाहिला, खुर्ची मागे सारली आणि लिहिलं. संध्याकाळी पोलीस आले. मुलीला वॉर्डात ठेवून घेतलं, आईला रोज अर्धा तास भेट, तीही नर्ससमोर. बापाला मनाई. चौकीत त्याला धारेवर धरल्यावर तो म्हणाला, "हो, माझ्याच हातून मोडलं." आणखी काय हवं होतं? बातमी त्याच्या गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. चौकीतून जामिनावर सुटून घरी येताना चार जणांनी त्याला रस्त्यात गाठलं आणि भुवई फुटेस्तोवर मारलं. त्यातल्या दोघांनी त्याच्याकडूनच खिडक्यांचे गज करून घेतले होते.

आमच्या घरी मात्र त्या दिवसांत नवल घडलं. आत्या पाटावर बसून जेवली. पाणीसुद्धा बसून प्यायली.

"सापडलं अण्णा मला," ती म्हणाली. "आपण उगाच वर बघत होतो. करतो तो माणूस. आणि चालू देतात ती पण माणसं, 'डॉक्टर सांगतील' म्हणणारी. मी पण त्यातलीच होते. आता नाही."

मला वाटलं आजोबा खूश होतील, देव सुटला म्हणून. ते ताटाकडे बघत म्हणाले, "त्या बापाशी बोललीस तू?"

"त्याच्याशी काय बोलायचं? त्याने कबूल केलंय."

"काय कबूल केलंय, ते विचारलंस का, म्हटलं."

आत्याचा तिळपापड झाला. "तुम्हाला आता त्याची पण बाजू घ्यायचीय?" आजोबांनी भात कालवायला घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डातून निरोप आला, चाकांवरचं एक्स-रे यंत्र घेऊन या. आत्या ते ढकलत वर गेली. तीच मुलगी. नर्स चादर बदलत होती. मुलीला एका कुशीवर वळवलं, एवढंच. मुलगी किंचाळली आणि पाय वेडावाकडा झाला. नर्स पांढरीफटक पडून भिंतीला टेकली होती. "मी काही केलं नाही हो, ताई. देवाशपथ. नुसतं वळवलं."

आत्याने फोटो काढला. मांडीचं हाड मोडलेलं होतं. बाप तिथून दोन मैल लांब होता, आणि नर्सला आत्या अठरा वर्षं ओळखत होती.

दुपारी हाडांचे मोठे डॉक्टर आले. म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि मुलीची खाट खिडकीशी घ्यायला सांगितली. "वर बघ बाळा. आता माझ्याकडे बघ." मग आत्याला जवळ बोलावलं. "डोळ्यांचा पांढरा भाग बघा. निळसर झाक दिसते?"

दिसत होती. पाच दिवस ती सगळ्यांसमोर होती. सगळे हाडांकडे आणि बापाच्या डोळ्यांकडे बघत होते. जन्मापासूनच हाडं ठिसूळ असण्याचा आजार असतो, डॉक्टर म्हणाले. शिंकेनेही बरगडी जाऊ शकते. मग त्यांनी आईला बोलावून तिचेही डोळे पाहिले आणि विचारलं, "लहानपणी किती वेळा प्लास्टर?"

"सहा-सात," आई म्हणाली. "मी पहिल्यापासून धांदरट. माझी आई म्हणायची, तुला सरळ चालता येत नाही." आणि एकदम ती थांबली. तिला कळलं. छत्तीस वर्षं ती स्वतःला धांदरट समजत होती, आणि जे तिच्या अंगात होतं तेच तिने मुलीला दिलं होतं.

आत्या जिन्यापर्यंत आली आणि तिला कुठे जावं ते सुचेना. तासभर ती दवाखान्याच्या आवारात चालत राहिली. खोलीबाहेर लोक ताटकळले, आरडाओरडा झाला, तेव्हा शिपायाने तिला शोधून आणलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती वेल्डरच्या दुकानात गेली. तो तोंडावर मुखवटा धरून एका फाटकाचा सांधा जोडत होता. ठिणग्या उडत होत्या आणि त्याला हाक ऐकू जात नव्हती. काम संपवून त्याने मुखवटा वर केला. भुवईला चार टाके होते.

"तक्रार मी केली होती," आत्या म्हणाली.

"माहितीय मला."

"चुकलं माझं."

त्याने हातमोजे काढले. "ताई, माफ केलं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी मारलं ते रोज समोरून जातात. आज सकाळी नमस्कार केला त्यांनी." मग ते हातमोजे त्याने फाटकावर टाकले. "पोर दोन वर्षांची होती. मी कामावरून आलो, तिला असं दोन्ही हातांनी वर उचललं. कट् असा आवाज आला. मला हातात जाणवला तो आवाज. तेव्हापासून मी तिला उचललं नाही. पाच वर्षं. मला वाटायचं, लोखंड वाकवून वाकवून माझ्या हाताला माप राहिलं नाही. देवाला म्हणायचो, शिक्षा द्यायची तर मला दे ना, पोरीला कशाला. म्हणून चौकीत सांगितलं, माझ्याच हातून मोडलं. खरंच वाटत होतं मला ते. काल मोठे डॉक्टर म्हणाले, तुमचा काही दोष नाही." त्याने बाहीने तोंड पुसलं. "मी रडलो हो तिथे. पण ताई, मग दोष कुणाचा? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुणाचाच नाही. असं कसं? एवढं मोडलंय, आणि कुणीच मोडलं नाही?"

हा तर तिचाच प्रश्न होता, तोही एका बापाच्या तोंडून. ती म्हणाली, "मला नाही माहीत, दादा," आणि परत फिरली.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात कुणाला चैन नव्हती. आत्या भाजी चिरताना मधेच सुरी ठेवून उभी राहायची. तिने पकडलेला गुन्हेगार हातातून निसटला होता. मुलगी निर्दोष, आई निर्दोष, बाप निर्दोष. तिने स्वतः जे केलं तेही तिच्या जागी कुणीही करावं असंच होतं, आणि त्यापायी एका माणसाचं रक्त सांडलं होतं. शेवटी एका सकाळी आजोबा देवापुढे बसलेले असतानाच ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. एरवी तेवढा एक तास ती त्यांना सोडायची.

"अण्णा, आज सांगाच. हस्तलिखित वगैरे नको."

आजोबांनी डोळे उघडले. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. तुझी आई गेली, त्या वर्षी मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बसायचो फक्त. तुम्हा पोरांना वाटावं, बाप जागेवर आहे. पुढे कधीतरी पुन्हा बोलायला लागलो. पण अजूनही बरेच दिवस नुसताच बसतो. तिकडून उत्तर आलंय असं कधी झालं नाही."

"मग इतकी वर्षं माझ्याशी वाद कशाला घातलात?"

"वाटायचं, एखाद्या दिवशी तू हरशील. हरलीस तर तुला नीट झोप तरी लागेल."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आत्या हसली की रडली ते मला कळलं नाही, कारण तिने तोंड फिरवलं. "हरायचं सोंग करता आलं असतं मला," ती म्हणाली. "सांगायचं होतं ना."

त्या दिवसापासून त्यांचे वाद थांबले नाहीत, पण त्यातली धार गेली. आता दोघेही एकाच बाजूने बोलल्यासारखे बोलायचे, आणि समोरचा कधीच हजर नसायचा.

मुलीवर औषध सुरू झालं. दर तीन महिन्यांनी सलाइनमधून ते द्यायचे, वर्षातून एकदा सगळे फोटो. हाडं जराशी भरत गेली. मोडणं कमी झालं, थांबलं नाही. आत्या वॉर्डात जाऊन नर्सना शिकवायची की अशा मुलाला दंडाला धरून ओढायचं नाही, सगळा तळवा पाठीखाली घालून उचलायचं. मुलीच्या बापालाही तिने तेच शिकवलं, वॉर्डातल्या खाटेवर, उशी घेऊन. त्याच्या हातून उशी दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्याने मुलीला उचललं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाला जळका वास येतोय," आणि तो तसाच तिला घेऊन उभा राहिला, नर्सने खाली ठेवा म्हणेपर्यंत.

मुलगी दहा वर्षांची असताना एकदा फोटोच्या टेबलावर पडल्या पडल्या तिने विचारलं, "मावशी, शेजारच्या काकू म्हणतात, देवाने मला मुद्दाम अशी केली, मी खास आहे म्हणून. खरंय का?"

आत्या पाटी सरकवत होती. ती थांबली. "मला नाही तसं वाटत."

"मग का केली?"

"मला माहीत नाही. मी रोज विचारते त्याला. चिडूनच विचारते."

मुलीने तिच्याकडे मान वळवली. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी. आणखी पण बरेच जण आहेत."

"यादी आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"मग माझं नाव खाली टाका," मुलगी म्हणाली. "मागच्या आठवड्यात वॉर्डात एक छोटं बाळ होतं ना, सारखं रडणारं, त्याचं वर घ्या. त्याला अजून बोलता येत नाही."

आत्याने "बरं" म्हटलं. मग मुलीचा डावा पाय तळव्यावर तोलून सरळ केला, तिच्या पोटावर शिशाचा तुकडा ठेवला, आणि बटण दाबायला काचेमागे गेली. बाहेरच्या बाकांवर तेव्हा पंचवीस-तीस माणसं नंबर लावून बसली होती.