गच्चीवरचं पुणे

विभाला माणिक हवं होतं. जयपुरात असं बोललं की लोक जौहरी बाजाराचा रस्ता दाखवतात. पण विभाचं माणिक चाकणला होतं. मोहरीएवढा मणी, एका मापनयंत्राच्या सुईच्या टोकाला बसवलेला. तसं यंत्र तिनं आयुष्यात एकदाच, दिल्लीच्या प्रदर्शनात पाहिलं होतं. तो मणी धातूच्या तुकड्याला अलगद शिवायचा आणि डोळ्याला कधीच दिसणार नाही एवढी बारीक चूकसुद्धा पकडायचा. विभा त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की स्टॉलवाल्यानं शेवटी खुर्ची आणून दिली.

आणि आता, दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, चाकणच्या एका कारखान्यानं तिला पत्र पाठवलं होतं: मापनकक्ष तुम्ही सांभाळा. तीन एप्रिलला रुजू व्हा. होय की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवा.

पत्र आलं त्या दिवशी विभानं ते तिच्या जयपुरातल्या कारखान्याच्या बसमध्ये चार वेळा वाचलं, आणि घराजवळचा दुर्गापुऱ्याचा थांबा मागे गेला तरी तिला कळलं नाही.

तिचे वडील वसंतराव देगावकर मूळचे साताऱ्याचे. बँकेत अधिकारी होते. नोकरीत नऊ बदल्या झाल्या, शेवटची जयपूरला. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्गापुऱ्यातच छोटं घर बांधलं, कारण, ते म्हणत, "दहाव्यांदा खोकी बांधायचं त्राण नाही." ती खोकी लाकडी होती, एकूण चौदा, प्रत्येकावर काळ्या रंगात आकडा. घर बांधल्यावर ती माळ्यावर गेली ती गेलीच. विभाची आई त्याच घरात वारली. आणि पाच वर्षांपूर्वी नवऱ्याशी काडीमोड घेऊन विभा पाच वर्षांच्या सलोनीला कडेवर घेऊन त्याच घरात परत आली.

ती मेकॅनिकलची डिप्लोमाधारक. वर्गात चाळीस मुलगे आणि ती. परत आल्यावर महिन्याभरात तिनं विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या पंपाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी धरली. तिचे साहेब शेखावतजी. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि म्हणाले, "पहले औज़ार का ज़ीरो देखो, फिर पीस को दोष दो." बस्स, एवढंच प्रशिक्षण.

तर पत्र. वसंतरावांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि बशीखाली ठेवलं.

"पुण्यात भाडी काय आहेत माहीत आहेत का? शाळेची फी? इथं तू पगारातनं शिल्लक टाकतेस. तिथं पगार दुप्पट आणि खर्च तिप्पट."

"हिशेब केलाय अण्णा. ओढाताण होईल, पण भागेल."

"बरं, भागेल. मग मला एकच सांग." त्यांनी बोट वर केलं. "पोर दीड वाजता शाळेतनं सुटणार. तू साडेसहाला येणार. मधे ती कुणाकडं?"

तिच्या हिशेबात हीच एक ओळ राहून गेली होती. इथं सलोनी घरी यायची तेव्हा आजोबा दारातच असत, गरम पोळी ताटात पडे. तिथं दारात कुलूप असणार होतं.

"तुम्हीही चला ना," ती म्हणाली.

"मी नाही हलायचा. आणि खोक्यांचं विचारू नकोस, उंदरांनी खाल्ली असतील."

त्या रात्री विभानं विचार केला तो तपासनिसासारखाच. कारखान्यात नवीन भाग यंत्रावर लावला की लगेच हजार नग कुणी काढत नाही. आधी एकच काढतात. तो पहिला नग मापून, तपासून, त्यावर विभाची सही झाली तरच यंत्र पुढे चालतं. मग पुण्याचाही पहिला नग का काढू नये?

गच्चीवरची भाडेकरूंची खोली दिवाळीपासून रिकामी होती. बाहेरून जिना, वेगळं दार, वेगळं कुलूप.

सकाळी तिनं जाहीर केलं, "सोमवार ते शनिवार मी आणि सलोनी पुण्यात राहणार."

"कुठं?" वसंतराव दाढी करता करता थांबले.

"वर."

सलोनीनं टाळ्याच वाजवल्या. "मतलब गच्ची म्हणजे पुणे? आणि खाली जयपूर? वॉव!"

विभानं कारखान्याच्या तक्त्यासारखा तक्ता आखला. कुलूप सलोनीनं स्वतः उघडायचं. दोन वाजता आईला फोन करून "पोचले" म्हणायचं, त्यासाठी विभाचा जुना मोबाइल तिला मिळाला. डब्यातलं जेवायचं, गॅसला हात लावायचा नाही, दार कुणालाही उघडायचं नाही. आणि शेवटचा नियम जाड अक्षरात: आजोबांनी जिना चढायचा नाही, सलोनीनं उतरायचा नाही.

"मी काय चोर आहे का?" वसंतराव म्हणाले.

"तुम्ही पुण्यात नाही आहात, अण्णा."

सोमवारी दोनला फोन आला. "मम्मा, पोचले! कुलूप पहिल्याच झटक्यात!" कारखान्यातल्या खडखडाटात विभानं एका कानात बोट घालून ते ऐकलं आणि तक्त्यात बरोबरची खूण केली. टेबलावरच्या पंपाच्या तीन शाफ्टवरही बरोबरची खूण झाली, त्यातला एक खरं तर पुन्हा मापायला हवा होता. तो तिनं घाईघाईनं परत मागवला.

मंगळवारी सकाळी भाजीवाला ठेला घेऊन आला. विभानं मटार घेतले, टोमॅटो घेतले. त्यानं सवयीनं कोथिंबीर आणि चार मिरच्या वर टाकल्या.

"भैया, धनिये के कितने?"

तो बघतच राहिला. "बहनजी, धनिये के पैसे? नाराज़ हो क्या?"

"नहीं, पर पुणे में तो लगेंगे ना. हम अभी पुणे में हैं."

भाजीवाल्यानं गच्चीकडे पाहिलं, मग अंगणात पेपर वाचणाऱ्या वसंतरावांकडे. "बाबूजी, बिटिया की तबीयत तो ठीक है?"

"जयपुरवालों से मत पूछो," वसंतराव पेपरमागून म्हणाले. "यह पुणे का मामला है."

पैसे त्यानं घेतले नाहीतच. पण दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की देगावकरांची मुलगी गच्चीवर पुणे करून राहते. शेजारणी जाता-येता वर पाहून हाका मारायच्या, "दीदी, पुणे का मौसम कैसा है?" सलोनी कठड्यावरून ओरडायची, "मस्त, आंटी!"

बुधवारी संध्याकाळी विभानं चिंचवडच्या घरमालकिणीला फोन लावला. चाकणच्या कारखान्यानंच नंबर दिला होता. बाईंचं नाव आक्काबाई, आवाज खणखणीत.

"दोन खोल्या आहेत. मिस्टर कुठे असतात?"

"मिस्टर नाहीत. मी आणि माझी मुलगी."

"नाहीत म्हणजे बदलीवर?"

"नाहीत म्हणजे घटस्फोट झालाय."

आक्काबाई पुढच्या प्रश्नावर गेल्या.

"मुलगी घरात उड्या मारते का? मी खालीच राहते."

"नाही हो. दहा वर्षांची आहे."

"दहाचीच जास्त मारतात. बरं, मारू नको म्हणावं. मी बाकी काही विचारत नाही, मला तरी कुठं मिस्टर आहेत!" आणि त्यांनी भाडं सांगितलं. तेवढ्या भाड्यात दुर्गापुऱ्यात कडुनिंबाच्या झाडासकट अख्खं घर मिळालं असतं. विभानं फोन ठेवला, पलंगावर बसली, आणि तिला हसू आवरेना. महाग तर महाग, पण दार उघडलं होतं.

गुरुवारी दोन वाजले. फोन आला नाही.

दोन-दहा. विभानं लावला, तर एंगेज. दोन-वीस, एंगेज. खाली लावला, आजोबांच्या घरच्या फोनवर, तोही एंगेज. दोन-पस्तीसला तिच्या हातातून मापायचा गेज खाली पडला. त्या कारखान्यात गेली पाच वर्षं तिच्या हातून सुईसुद्धा पडली नव्हती. शेखावतजी केबिनमधून उठून आले.

"क्या हुआ?"

"बेटी फ़ोन नहीं उठा रही."

त्यांनी लगेच गेट पास लिहिला. गच्चीवरचं पुणे त्यांच्याही कानावर होतं; पास देताना म्हणाले, "विभाजी, बेटी छत पर है, पुणे में नहीं. जाओ."

सीकर रोडवरच्या कारखान्यापासून दुर्गापुरा म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. मिनीबस, मग ऑटो. वाटेत तिच्या मनात काय काय येऊन गेलं. कुलूप अडकलं असेल. सलोनीनं गॅस पेटवला असेल. अण्णा पडले असतील. टोंक रोडवर ऑटो सिग्नलला थांबला तेव्हा तिनं मनातल्या मनात चाकणला "नाही" कळवूनसुद्धा टाकलं. आभारी आहे, घरगुती अडचणींमुळे शक्य नाही. वाक्य छान जमलं होतं.

फाटक ढकलून ती आत आली आणि जागीच थांबली.

अंगणाच्या मधोमध वसंतराव खुर्ची टाकून बसले होते. आतल्या फोनची लांब वायर दारातून ओढून आणलेली, रिसीव्हर कानाला, मान वर. आणि वर गच्चीच्या कठड्याला रेलून सलोनी, कानाला मोबाइल, मान खाली. दोघांत पंधरा फुटांचं अंतर. दोघंही एकमेकांकडे बघत फोनवर बोलत होते.

"हं, मी दुकानदार. बोल," वसंतराव रिसीव्हरमध्ये म्हणत होते.

"भैया, एक पाव ब्रेड—"

"भैया नाही. काका."

"काका, एक ब्रेड द्या. आणि धनिया."

"कोथिंबीर. फुकट मिळणार नाही."

"मग जुडी कितीला, काका?"

"शाब्बास! आता रस्ता. शाळेच्या फाटकातनं बाहेर पडलीस, समोर रस्ता. काय करशील?"

"पहिले उजवीकडे बघणार, मग—" सलोनीला फाटकात आई दिसली. "अरे बापरे. आजोबा, मम्मा."

विभानं पर्स जमिनीवर टाकली. "तुम्ही दोघं... मी तासभर जीव मुठीत धरून..."

वसंतराव उठून उभे राहिले, रिसीव्हर तसाच हातात. "नियम मोडला नाही. मी जिना चढलो नाही. विचार तिला."

"मी पण उतरले नाही!" वरून आवाज. "मम्मा, मी तुला फोन करणारच होते, पण आजोबांचा आधी आला. मग भूल गयी. सॉरी."

"आज पहिल्यांदाच?"

सलोनीनं खाली आजोबांकडे पाहिलं.

"मंडे से," सलोनी बारीक आवाजात म्हणाली. "रोज. मी जेवते तेव्हा आजोबा बोलतात. मला एकटीला जेवायला कसंतरी होतं."

वसंतरावांनी खुर्चीखाली ठेवलेला कागद पायानं आत सरकवायचा प्रयत्न केला. विभानं तो उचलला. त्यांच्या बँकेच्या टपोऱ्या अक्षरात यादी होती: दुकानदाराशी बोलणे. रस्ता ओलांडणे. बाईंना मराठीत उत्तर देणे. अनोळखी माणूस दारात आल्यास. शिकवून झालेल्या ओळींपुढे वार. सोमवार, मंगळवार, बुधवार. शेवटच्या तीन ओळींपुढची जागा कोरी होती, ती शनिवारपर्यंतच्या धड्यांसाठी.

विभा यादी हातात घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. तीन दिवस ती तक्त्यात बरोबरच्या खुणा करत होती. पोर एकटी राहू शकते, हे मापत होती. आणि पोर एकटी नव्हतीच, पहिल्या दिवसापासून. शेखावतजींनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, ज़ीरो ही ग़लत था, मैडम. सगळी चाचणी रद्द करायला हवी होती.

"अण्णा, आम्ही गेलेलं तुम्हाला नको होतं ना?"

"मला नकोच आहे." ते पुन्हा खुर्चीत बसले. "पण तू जाणार हे मला पत्र वाचलं तेव्हाच कळलं. बशीखाली ठेवलं तेव्हा तू बशीकडं बघत होतीस, माझ्याकडं नाही. मग म्हटलं, निदान पोर तरी तयार होऊ दे."

"पुण्याला गेल्यावरही कराल रोज फोन? दोन वाजता?"

"आता एसटीडी केवढी स्वस्त झालीय. तुझी आई असताना असती तर तिनं माहेरी दिवसभर लावला असता." त्यांनी रिसीव्हरची वायर सरळ केली. "मी दोनला बसतो इथं. चारपर्यंत. झोप मला लागत नाहीच दुपारची."

विभा उठली. वडिलांच्या हातातून तिनं रिसीव्हर घेतला. तो त्यांच्या कानाच्या उबेनं गरम होता. पर्समधून पत्र काढून तिनं चाकणचा नंबर फिरवला. सोमवारपर्यंत थांबायची तिला गरजच वाटेना.

"मी विभा देगावकर, जयपूरहून. मापनकक्षाबद्दल पत्र आलं होतं. हो. तीन एप्रिल. येतेय मी." आणि मग, न राहवून, "एक विचारू? त्या यंत्राला पहिल्या दिवशी हात लावू द्याल ना?"

पलीकडचा माणूस हसला असावा, कारण विभाही हसली आणि तिचे कान लाल झाले.

फोन ठेवल्यावर वसंतराव घसा खाकरत म्हणाले, "सहा नंबर भांड्यांचं. नऊ नंबर पुस्तकांचं. अकराचा तळ कच्चा आहे, त्यात गाद्याच घालायच्या."

"उंदरांनी खाल्ली म्हणालात."

"पत्र आलं त्याच आठवड्यात चढून बघून आलोय. उंदरांनी एकालाही तोंड लावलेलं नाही."

वरून सलोनीनं हाक मारली, "आजोबा, मी आता खाली येऊ?"

"आज गुरुवार. शनिवारपर्यंत पुण्यातच राहायचं."

"पण मला भूक लागलीय! आणि तुम्ही पोळ्या केल्यात, मला वास येतोय."

वसंतरावांनी मुलीकडे पाहिलं. तक्ता विभाचा होता, सहीही तिचीच चालायची.

"सुट्टीला जयपूरला आली म्हणा," विभा म्हणाली. तिचं बोलणं संपायच्या आत सलोनी धाडधाड जिना उतरत होती, उड्या मारत, आक्काबाईंना अजिबात चालणार नाहीत अशा.