हात लावू नये

"ए बाई, हात काढ तिथनं. बोर्ड दिसत नाय का?"

गार्ड माझ्या आयेवर ओरडला. तिचा हात तिच्याच इरल्यावर होता.

आयेला वाचता येत नाही. बोर्डावर लिहिलं होतं, 'कलाकृतींना हात लावू नये.' तिनं हात काढला आणि पदराला पुसला. मळ तिच्याच हाताला होता असं समजून पुसला. मी दारात उभी होते. माझ्या हातात पाहुण्यांना द्यायच्या गुलाबांचं तबक होतं. स्वागताला मुली लागतात म्हणून सरांनी मला तिथं उभं केलं होतं. मी ऐकलं, बघितलं आणि तबक धरून उभीच राहिले.

हे आमच्या पदवी प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशीचं. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आम्ही अठरा जण होतो. कॉलेज शहापूरच्या अलीकडे, हायवेला लागून. खाजगी संस्थेचं. ठाण्या-मुंबईच्या मुलांना तिकडे प्रवेश मिळाला नाही की ती आमच्याकडे येतात. आणि आम्ही दोघं-तिघं राखीव जागेवरचे. माझा पाडा डोळखांबच्या वर, रस्ता संपतो तिथून पुढे पाऊण तास चालल्यावर. आम्ही ठाकर. पाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी.

पहिल्या वर्षी मी वर्गात "नाय" म्हटलं की मागून कुणीतरी तसंच "नाय" म्हणायचं. मग हसायचे. सहा महिन्यांत मी "नाही" शिकले. "आमी"चं "आम्ही" केलं. आयेशी फोनवर बोलायचं असलं की वसतिगृहाच्या गच्चीवर जायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ही लाज मला कुणी शिकवली आणि मी ती इतकी लवकर कशी शिकले, याचा मला अजून राग येतो. स्वतःचाही.

त्या वर्गात माझ्या शेजारी येऊन बसणारा एकच होता. वरद. ठाण्याचा. त्याच्या वडिलांचं मुरबाडकडे फार्महाऊस आहे. तो माझं काम बघायचा, प्रश्न विचारायचा. शेवटच्या वर्षी हिवाळ्यात म्हणाला, "मला तुझं गाव बघायचंय." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. फार बरं वाटलं. माझं घर कुणाला बघावंसं वाटतं, यातच मी विरघळले.

तो दोन दिवस आला. आयेनं नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी केली. त्यानं जेवणाचे फोटो काढले, चुलीचे काढले, आयेच्या पायांचे काढले. मग कुडाच्या भिंतीला टांगलेलं इरलं त्याला दिसलं.

इरलं आवणीला लागतं. भाताची रोपं लावताना दिवसभर वाकून राहायचं, वरून पाऊस. इरलं डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा असतो, त्यात पळसाची पानं. पानं दरवर्षी नवी घालायची, सांगाडा टिकतो. आमचा सांगाडा माझ्या बापानं बांधला होता. आयेच्या पाठीच्या मापानं. बांधला त्याच वर्षी हिवाळ्यात तो वीटभट्टीवर तापानं गेला. आये सात वर्षं त्यात पानं बदलत होती.

वरद म्हणाला, "काकी, हे मला प्रोजेक्टसाठी द्याल? पावसाआधी परत आणून देतो."

आयेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दे गो." ती माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

माझं स्वतःचं काम म्हणजे पाड्यातल्या बायांची नऊ तैलचित्रं होती. मोठी, माणसाएवढी. वर्षभर काढली. प्रत्येक चित्राखाली मी नाव लिहिलं होतं. सोनी. भागी. जनी, ही माझी आये. विभागप्रमुख सरांनी नावाच्या पट्ट्या वाचल्या आणि म्हणाले, "ही नावं कोण ओळखणार? 'आदिवासी स्त्री, एक', 'आदिवासी स्त्री, दोन' असं कर. युनिव्हर्सल वाटतं."

मी पट्ट्या बदलल्या नाहीत. पण बोललेही नाही.

मग प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी माझी भिंत गेली. मोठ्या दालनात मला एक भिंत मिळाली होती. वरदच्या इन्स्टॉलेशनला अंधार हवा, पूर्ण दालन हवं, असं ठरलं. माझी चित्रं जिन्यात लावायला सांगितली. तिथं उजेड नव्हता आणि खालच्या संडासाचा वास येत होता. मी सरांना विचारलं, का. सर शांतपणे म्हणाले, "तुझं काम प्रामाणिक आहे. पण ते डॉक्युमेंटेशन आहे. वरदचं काम ही कला आहे."

मी जिन्यात खिळे ठोकले.

वरदचं काम दार लावून चालायचं. उद्घाटनापर्यंत मी ते बघितलं नव्हतं.

आये त्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. म्हसा गावच्या जत्रेत घेतलेलं लुगडं नेसून. फरशी चकचकीत दिसली म्हणून तिनं चपला दाराबाहेर काढल्या. रांगोळीचा फोटो काढणाऱ्या एका मुलानं त्या पायानं कुंडीमागं सरकवल्या. मी तिला जिन्यात नेलं. ती एकेका चित्रापुढं थांबली.

"ही सोनी. हिचा फाटलेला कान तू बरोबर काढलास."

मग स्वतःच्या चित्रापुढं आली.

"मी येवढी रागीट दिसतंय?"

"दिसतेस."

"बरा हाय," ती म्हणाली.

माझ्या कामावर चार वर्षांत कुणी दिलेला सगळ्यात खरा शेरा तो. तेवढ्यात मला दालनाच्या दारात बोलावलं, पाहुणे यायची वेळ झाली म्हणून. आये एकटीच दालनात शिरली.

आत अंधार होता. मधोमध लाल दिव्याखाली तिचं इरलं टांगलेलं होतं. उभं, मधोमध चिरलेलं. दोन तुकडे स्टीलच्या तारांनी छताला लटकवलेले. कामट्या करवतीनं कापल्या होत्या. वरून काचेसारखं रेझिन ओतून सगळं कडक केलं होतं. पानं आत अडकलेली. स्पीकरवर पावसाचा आवाज लावलेला. आणि खाली पाटी: 'अनुपस्थित देह. मिळालेली वस्तू, रेझिन, ध्वनी.'

मिळालेली. जणू रस्त्यात पडली होती.

त्यावर आयेनं हात ठेवला आणि गार्ड ओरडला.

गार्ड मुरबाडकडचाच. शेतकरी घरातला. एरवी माझ्याशी नीट बोलायचा. पण त्याला दिसलं ते लुगडं आणि अनवाणी पाय.

तोवर पाहुणे आत आले. मुंबईचे एक मोठे चित्रकार प्रमुख पाहुणे होते, मागं सर, संस्थेचे लोक, वरद. मी त्यांच्या मागून आत गेले. वरदनं आयेला बघितलं. क्षणभर गडबडला. मग लगेच सावरला. पाहुण्यांना म्हणाला, "सर, या त्याच कम्युनिटीतल्या आहेत." त्या माझी आई आहेत असं म्हणाला नाही. आपण त्यांच्या घरी जेवलोय असंही म्हणाला नाही.

पाहुणे म्हणाले, "अरे वा. मग त्यांनाही यात घे की."

वरद आयेला म्हणाला, "काकी, तिथंच उभ्या राहा. यावर हात ठेवा. फोटो काढतो."

आयेनं गार्डकडं बघितलं. गार्डनं मान खाली घातली. तिनं घाबरत पुन्हा हात ठेवला. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला उभी राहते तशी उभी राहिली. चार-पाच मोबाईल वर झाले. पाहुणे म्हणाले, "अप्रतिम."

हात ठेवूनच आयेनं मला शोधलं. मी दिसल्यावर हळूच विचारलं,

"याचा त दोन तुकडं झालं. आता आवणीला मी काय घेव गो?"

एक बाई म्हणाली, "हाऊ स्वीट." सर हसून पाहुण्यांना म्हणाले, "त्यांना ते खूप आवडलंय."

माझ्या हातातलं तबक मी खाली ठेवलं. आपटलं नाही. नीट ठेवलं. मग म्हटलं, "तसा नाय बोलली ती."

माझ्याच तोंडून माझीच बोली त्या दालनात पहिल्यांदा निघाली. सगळे वळले.

"ती माझी आये हाय. ह्या इरला तिचा हाय. पावसाआधी आणून देतो बोलून नेलाय यानी. ती विचारतंय, मी पावसात काय घेव."

स्पीकरवरचा पाऊस चालूच होता. मी जाऊन त्याची वायर काढली.

वरदचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, "मी नवीन घेऊन देतो. दोन देतो. प्लीज, आत्ता नको."

आये त्याच्याकडं बघून म्हणाली, "नवा कोण बांधील? बांधणारा मेला."

रागानं नाही बोलली. माहिती द्यावी तसं बोलली. वरदला हे माहीत होतं. मीच त्याला चुलीपाशी बसून सांगितलं होतं, बाप कसा गेला ते. तेव्हा त्यानं वहीत लिहून घेतलं होतं. त्यातूनच त्याला 'अनुपस्थित देह' सुचला असणार.

मी स्टोअरमधून पक्कड आणि शिडी आणली. तारा कापायला लागले. सर जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "खाली उतर. तुझा निकाल माझ्या हातात आहे."

"असू द्या."

"तू एका कलाकृतीची नासधूस करते आहेस."

"नासधूस तर आधीच झालीय, सर."

शिडी हलत होती. कुणी धरली नाही. मग गार्ड पुढं आला आणि त्यानं धरली. मी त्याचे आभार मानले नाहीत. दोन्ही तुकडे खाली घेतले. खिशातली चित्रकामाच्या कोळशाची कांडी काढून पाटीवरचं 'मिळालेली' खोडलं आणि वर लिहिलं, 'घेतलेली'. खाली भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बांधणारा: काळू. वापरणारी: जनी.' मग आये एक तुकडा आणि मी एक, असे घेऊन आम्ही बाहेर पडलो. कुंडीमागच्या चपला मी काढून तिच्यापुढं ठेवल्या.

पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की शेवट गोड झाला. भिंत त्याच दुपारी रंगवून टाकली. वरदच्या कामाला फोटोंवरून पहिला क्रमांक मिळाला. त्या फोटोत आयेचा हात आहे. माझी चित्रं जिन्यातून उतरवून तळघरात टाकली, ती मी भांडून टेम्पोत घालून पाड्यावर नेली. रेझिन काही निघालं नाही. ते दोन तुकडे पावसालाही उपयोगी नाहीत आणि जाळायलाही. यंदा आये प्लास्टिकचा कागद गळ्याशी बांधून आवणी करत होती. तो वाऱ्यानं उडायचा. एका हातानं तो धरायचा आणि दुसऱ्यानं रोपं लावायची. मी शेजारच्या ओळीत होते. संध्याकाळी तिची पाठ शेकताना मला वरदपेक्षा माझा जास्त राग आला. तो राग मी ठेवला आहे. तो मला लागणार आहे.

माझा निकाल राखून ठेवलाय. लेखी माफी द्या, म्हणजे सोडू, असं पत्र आलं. मसुदाही त्यांनीच पाठवला, मी फक्त सही करायची. आयेनं विचारलं, काय लिव्हलाय. मी वाचून दाखवलं. 'माझ्या अविचारी वर्तनामुळे संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधा आली.' ती म्हणाली, "करशील सही?"

"नाय."

मसुद्याच्या मागं मी माझा अर्ज लिहिला, विद्यापीठाला. कुणी काय नेलं, काय सांगून नेलं, कुणाच्या समोर कापलेलं टांगलं, सगळं तारीखवार. सोबत वरदनं मला पाठवलेले इरल्याचे मेसेज जोडले. पुढच्या महिन्यात समितीपुढं सुनावणी आहे. आये येणार आहे. तिची जबानी तिच्या बोलीतच लिहून घ्यायची, शब्द बदलायचा नाही, असं मी अर्जातच लिहिलंय. त्यांना कळत नसेल तर त्यांनी दुभाषा आणावा. पदवी मी मिळवलेली आहे. ती मी त्यांच्याकडून घेणारच, आणि सही न करता घेणार.