घरट्यावरची फांदी

मामांचा पारा चढायला फारसं काही लागत नसे. पक्षी बघायला आलेली माणसं होडीत पाय ठेवताच मोबाईलवर गाणी लावत, खंड्या दिसला की ‘तो बघा, तो बघा’ करून त्याला उडवून लावत, आणि वर विचारत, “एवढेच का पक्षी?” मग मामा वल्हं आडवं धरून म्हणत, “पक्ष्यांनी तुम्हाला बघायला तिकीट काढलेलं नाही. ओरडायचं असेल तर उतरा. चिखल कमरेपर्यंतच आहे.” सव्वीस वर्षं त्यांनी खारफुटीतल्या खाड्यांतून माणसं फिरवली, पण जिभेचं हाड काही सापडलं नाही. मामी म्हणायच्या, “तुमच्यापेक्षा खेकडा बरा, त्याची नांगी आधी दिसते तरी!” आणि तरी लोक मामांचीच होडी मागत.

सगळ्यांत जास्त चीड त्यांना एका गोष्टीची. फोटो काढणाऱ्यांना घरट्यापुढची फांदी आड येते, म्हणून काही शहाणे ती दोरीनं बाजूला बांधून ठेवतात. अरे, ती फांदी म्हणजे पिल्लांचं छप्पर! ते ओढलं की वरून ऊन आणि घार, दोघांनाही रान मोकळं.

आतल्या वळणावर रातबगळ्याचं घरटं होतं, तीन पिल्लांचं. एका सकाळी मामा होडी घेऊन तिथं पोहोचले, तर फांदी निळ्या दोरीनं बांधलेली. दोन पिल्लं माना टाकून पडली होती. तिसरं नव्हतंच. मामांनी दोरी कापली, होडी वळवली आणि धक्क्यावर येऊन जो तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच.

आदल्या दिवशी त्या बाजूला दोनच होड्या गेल्या होत्या, सकाळी मामांची आणि दुपारी नव्याची. नवा म्हणजे वर्षापूर्वी परवाना मिळालेला नावाडी, अजून सगळे त्याला नवाच म्हणत. मामांची होडी तर असणं शक्यच नाही. मग उरलं कोण?

“चार फोटोंसाठी जीव घेतलास रे पिल्लांचा? लाज कशी वाटली नाही?”

“मामा, मी त्या घरट्याजवळ गेलोच नाही. ऐकून तरी घ्या—”

“ऐकायचंय काय त्यात!”

मामांच्या शब्दाला साक्षीदार लागत नसे. नावाड्यांच्या संघटनेनं त्याच दिवशी नव्याचा परवाना हंगामभरासाठी काढून घेतला. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागला. बाजारात त्याची बायको दिसली की बायका कुजबुजत, ‘पिल्लं मारली ती ह्यांनीच.’

तीन आठवड्यांनी दातांचे डॉक्टर आले. मामांचं जुनं गिऱ्हाईक. हातात चौकटीत बसवलेला फोटो. तीन पिल्लं, लख्ख उन्हात, मधे एक पान नाही.

“तुम्ही कधी फांदी बांधू देत नाही ना, म्हणून त्या दिवशी सकाळी तुम्ही पाठमोरे होऊन होडी चिखलातून रेटत होतात तेवढ्यात मीच बांधली. दोन मिनिटांसाठी हो! पण होडी निघाली आणि सोडायचं राहूनच गेलं.” डॉक्टर हसले.

“लावा घरी!” मामा कडाडले. “आणि खाली लिहा, ही पिल्लं दुसऱ्या दिवशी मेली! इतकी वर्षं माझ्या होडीत बसून हेच शिकलात?” डॉक्टरांचा चेहरा उतरला. मामा अजून बरंच बोलणार होते, पण ‘माझ्या होडीत’ हे शब्द तोंडातून गेले आणि पुढचे सुचेनात. नवा एवढंच सांगत होता, ऐकून घ्या. एवढंसुद्धा केलं नाही आपण! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

ते तडक संघटनेच्या सेक्रेटरीकडे गेले. तो म्हणाला, “मामा, कशाला उकरून काढताय? ज्याची होडी त्याची जबाबदारी, तुमचाच परवाना जाईल. नव्याला घेऊ की पुढच्या हंगामात.”

“आणि तोवर त्यानं पिल्लं मारणारा म्हणून फिरायचं? बरे आहात की तुम्ही!”

नवा कारखान्याच्या दारात भेटला, खांद्यावर ओलं पोतं. मामांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. नव्यानं ते हात खाली केले नाहीत.

“इथं काय सांगताय? इथं मी एकटा आहे. मला बोललात तेव्हा अख्खा धक्का ऐकत होता.”

“उद्या ये धक्क्यावर,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नावाडी होड्या सोडायच्या तयारीत होते. प्रवासी तिकिटं घेऊन उभे होते. नवा मागे, बायकोशेजारी उभा राहिला. मामा पायरीवर चढले, खिशातून परवाना काढून सेक्रेटरीच्या हातात दिला आणि बोलू लागले. पिल्लं माझ्या होडीमुळे मेली. नव्याचा काही दोष नव्हता. मी ऐकून घेतलं नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, “मामा, काही ऐकू येत नाहीये! मोठ्यानं बोला!”

मामांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.